मिस पिंचबेक वाजवतील ते

पाळकनिवास, लिटल वेनिंग, लिंकनशर
ट्रिनिटीच्या सणानंतरचा कितवा तरी सोमवार

तीर्थरूप दादामामा यांस,

शांतवनचा साष्टांग नमस्कार आणि सलाम. (नमस्कार आजोबांच्या शिस्तीतला, सलाम मिशनच्या शिस्तीतला. तुमचा दोन्हींवर हक्क आहे, म्हणून दोन्ही पाठवतो. एक जास्त झाला तर मामींना द्यावा.) मामींच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं वाचून फार बरं वाटलं. आता त्यांना तुम्ही स्वच्छ दिसू लागला असाल, तेव्हा त्यांच्यापेक्षा तुमच्याच प्रकृतीची काळजी वाटते. पेटीच्या भात्यात उंदरांनी बिऱ्हाड केल्याचंही कळलं. तुमच्या घरात राहायचं म्हणजे त्यांना सुरात चिरकावं लागत असेल. मला त्या जिवांबद्दल सहानुभूती आहे, कारण मीही त्याच घरात याच कारणासाठी भजनातून काढला गेलो होतो. त्याविषयी पुढे येईलच.

आज लिहायला बसलो आहे ते एक तक्रार नोंदवण्यासाठी, आणि ती मी शक्य तितक्या गांभीर्याने मांडणार आहे. तक्रार मुरंब्याबद्दल आहे. इथले लोक कडू संत्र्यांच्या सालींचा एक पदार्थ करतात आणि सकाळी भाजलेल्या पावाला लावून खातात. त्याला मुरंबा म्हणावं तर मामींच्या मोरावळ्याचा अपमान होतो, न म्हणावं तर मराठीत दुसरा शब्द सापडत नाही. आजोबांनी आम्हाला षड्रस पढवले तेव्हा तिक्त रसाला उदाहरण म्हणून कडुनिंब दिला होता. बिचाऱ्यांना मिस पिंचबेक माहीत नव्हत्या. ह्या मुरंब्याच्या बरण्या सध्या माझ्या स्वयंपाकघरात फळीवर आहेत, खिडकीत आहेत, पुस्तकांच्या कपाटात अमरकोशाच्या मागे आहेत, आणि काल चर्चच्या मागच्या खोलीत झगा काढायला कपाट उघडलं तर तिथेही एक माझ्याकडे बघत बसली होती. अकरा वर्षं ह्या गावाचा पाळक म्हणून मी वादळात उडालेलं छप्पर सोसलं, घुमटातली वटवाघळं सोसली, पण ह्या बरण्यांपुढे माझी श्रद्धा डळमळू लागली आहे.

आता तुम्ही म्हणाल, नको तर घेतोस कशाला. इथेच सगळी गोम आहे. मी त्या बाईंकडे मुरंबा मागायला जातच नाही. मी जातो त्यांना एक गोष्ट सांगायला. ती गोष्ट सांगायचं धाडस होत नाही, आणि निघताना हातात बरणी येते. म्हणजे ह्या घरातल्या सगळ्या बरण्या मिळून माझ्या भित्रेपणाची मोजमापं आहेत. नलिनी (तुमची भाचेसून मजेत आहे, तालुक्याच्या इस्पितळात तिला हल्ली मुख्य परिचारिका केलं आहे, आणि घरातही ती त्याच हुद्द्यावर असते) मध्यंतरी म्हणाली, "तुम्ही त्यांना ऑर्गनवरून उठवायला जाता की मुरंबा आणायला? एकदा ठरवा, म्हणजे मी तशी पिशवी देत जाईन."

मिस मर्टल पिंचबेक आमच्या चर्चचा ऑर्गन वाजवतात. वाजवतात म्हणजे कधीपासून, ते कोणालाच नीट सांगता येत नाही. त्यांचे पाय ऑर्गनच्या खालच्या, पायांनी दाबायच्या पट्ट्यांपर्यंत पोचत नव्हते तेव्हा वडिलांनी त्यांच्या बुटांना लाकडी ठोकळे बांधून दिले होते, एवढं सगळे सांगतात. आता त्या पंचाऐंशीच्या पुढे आहेत. गावच्या शाळेत त्यांनी निम्म्या गावाला बाराखडी शिकवली, त्यामुळे आमचे चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचे कारभारी, सिरिल ऑल्डिस, जे स्वतः आजोबा आहेत आणि ज्यांच्या बटाट्याच्या शेताला सकाळी चालू लागलं तर दुपारी दुसरं टोक येतं, तेसुद्धा बाईंसमोर टोपी हातात घेऊन उभे राहतात. ऑर्गन वाजवताना बाईंची पाठ आम्हा सगळ्यांकडे असते. डोक्यावर एक वाटोळा आरसा टांगलेला आहे, नवरी दारात आली की नाही हे बघून सूर धरता यावा म्हणून. पातळ तळव्यांचे बूट त्या पिशवीतून आणतात, बाकावर बसून बदलतात, आणि मग पाठ इतकी ताठ होते की माझ्या प्रवचनात कोणी पेंगत असेल तर ती पाठ बघून जागा होतो.

गोष्ट सुरू झाली ती लेंटमध्ये. पश्चात्तापाचे दिवस, वेदीवर फुलं नाहीत, गीतंही सगळी खालमानेने म्हणायची. मी पश्चात्तापाचं एक चांगलं लांबलचक गीत जाहीर केलं आणि मंडळी पुस्तकं उघडून उभी राहिली. आणि ऑर्गनमधून निघालं ते ईस्टरचं गीत. कबर फुटली, मरण हरलं, तुताऱ्या वाजल्या, सगळं. लेंटमध्ये ते म्हणणं म्हणजे आपल्याकडे सुतकात पेढे वाटण्यासारखं. मी वेदीपाशी थिजून उभा राहिलो. पण मामा, हे लोक कसे आहेत ते तुम्ही बघायला हवं होतं. इथल्या माणसाला छपराला आग लागल्याचं सांगायचं असेल तर तो आधी गीत संपू देतो. कोणी कोणाकडे बघितलं नाही, कोणी खोकलं नाही. नुसता पानं उलटल्याचा आवाज झाला, सगळ्या बाकांवर एकदम, आणि दुसऱ्या ओळीला अख्खं गाव ईस्टरचं गीत म्हणू लागलं. कारण लहानपणापासून त्यांच्या अंगात एकच गोष्ट मुरलेली आहे: ऑर्गन वाजवील ते म्हणायचं.

इथे सिरिलरावांनी जे केलं त्याला माझ्याजवळ शब्द नाही. भिंतीवर एक लाकडी फळा असतो, त्यात त्या रविवारच्या गीतांचे आकडे लावलेले असतात. शनिवारी ते सिरिलराव स्वतः लावतात. तर हा गृहस्थ चालू गीतात आपल्या जागेवरून उठला, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून त्या फळ्यापर्यंत गेला, खालच्या पेटीतून आकडे काढले, पश्चात्ताप उतरवला आणि ईस्टर चढवला. मग तेवढ्याच संथपणे परत आला. ह्या ओळीला उठून आकडे बदलायचे ही जणू प्रार्थनापुस्तकात छापलेली सूचनाच होती. उपासना संपल्यावर मिस पिंचबेक बूट बदलून खाली आल्या, जाताना फळ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि म्हणाल्या की आजचं गीत छान निवडलं होतंत, पाळकसाहेब. मी आभार मानले. दुसरं काय करणार.

त्यानंतर हे होतच राहिलं. मी एक जाहीर करायचं, बाईंनी दुसरं वाजवायचं, पानांचा एक झपाटा, आणि सिरिलराव फळ्याकडे. ह्या गावात कुठलीही गोष्ट दोनदा घडली की तिची रूढी होते आणि तिसऱ्यांदा घडली की कोणाचे तरी आजोबा तसंच करत असत. मीमांसक सांगतात की विधी आधी, त्याचा अर्थ मागाहून लावायचा. त्याचा प्रत्यय मला लिंकनशरमध्ये येईल असं आजोबांनाही वाटलं नसेल. मी प्रवचन लिहून नेतो एका विषयावर आणि बाई जे वाजवतील त्याला धरून ते वाकवतो. (नलिनीचं मत, त्यामुळे माझी प्रवचनं सुधारली आहेत. हे ती प्रवचनांची स्तुती म्हणून सांगत नाही.) वसंतात म्हातारे टेड गॉसलिंग गेले. जन्मभर बटाटे पिकवलेला माणूस. त्यांच्या दफनाच्या वेळी गंभीर शोकगीताऐवजी ऑर्गनमधून सुगीचं गीत निघालं, कोठारं भरली, पेंढ्या बांधल्या वगैरे. मी डोळे मिटून घेतले. गावाने ते म्हटलं, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत. बाहेर पडताना टेडच्या बायकोने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "बरं झालं. त्यांना ती रडकी गाणी कधी आवडायची नाहीत. शेवटचं पोतं भरलं की हेच गुणगुणत घरी यायचे." फळ्यावरचे आकडे तोवर अर्थातच बदललेले होते.

सगळं असंच चाललं असतं. पण तळ्याकाठच्या घरात हॅडोसाहेब राहायला आले. लेस्टरला विमा कंपनीत मोठ्या जागेवर होते, आता निवृत्त. सज्जन गृहस्थ, संगीत वाचता येतं, खर्जात उत्तम गातात. त्यांच्यात दोष म्हणाल तर एकच, की ते नेहमी बरोबर असतात. पहिल्या रविवारी चुकीच्या पानावर उभे राहून त्यांनी जाहीर झालेलं गीत एकट्याने दोन कडवी म्हटलं. मग चर्चच्या मंडळाच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. हल्ली एक यंत्र मिळतं, त्याच्या पोटात सगळ्या चाली भरलेल्या असतात, आकडा दाबला की चाल वाजते. चूक होण्याचा प्रश्न नाही. त्या दिवशी बैठकीत जी शांतता पसरली ती मी फक्त चहात दूध आधी की नंतर ह्या वादाच्या वेळी अनुभवली होती. शेवटी सिरिलराव म्हणाले, "यंत्राला मुरंबा करता येतो का?" हॅडोसाहेब म्हणाले, "सिरिल, मुरंब्याबद्दल मला बोलायला लावू नका."

पूर्वपक्ष झाला, उत्तरपक्ष झाला, आणि सिद्धांत असा निघाला की हॅडोसाहेब म्हणतात ते बरोबर आहे, पण ते बाईंना सांगणार कोण. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. अकरा वर्षांत ह्या मंडळाने माझा एकही ठराव एकमताने मंजूर केलेला नाही, हा केला. जुलैत बिशपसाहेब मुलांच्या दृढीकरणाला, म्हणजे त्यांना मंडळीत पक्कं करून घ्यायच्या विधीला, येणार होते. त्याआधी मी मिस पिंचबेक यांना भेटून, योग्य शब्दांत, ऑर्गनवरून निवृत्त व्हायला सुचवावं. योग्य शब्द कुठले ते ठरावात नव्हतं.

म्हणून मी गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाई साली चिरत होत्या आणि मला म्हणाल्या की उभेच आहात तर हे पातेलं धरा. पातेलं धरलेल्या माणसाने कोणाला निवृत्त कसं करावं? दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सिरिलराव सात वर्षांचे असताना चर्चच्या ऑर्गनच्या नळीत बेडूक सोडून कसे पळाले ती गोष्ट त्यांनी सांगितली, आणि ती इतकी रंगली की मी आलो कशाला ते विसरलो. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्यावर एकदा त्यांनीच विचारलं, "काही सांगायचं होतं का, पाळकसाहेब?" मी म्हणालो की हवा बरी आहे. बाहेर पाऊस पडत होता. त्यांनी फळीवरची बरणी काढून माझ्या हातात दिली.

ती बरणी नलिनीने दुसऱ्या दिवशी न्याहारीला उघडली. पावाला लावून एक घास घेतला आणि सुरी हळूच खाली ठेवली. मी चव बघितली. मामा, वर मी ह्या पदार्थाच्या कडूपणाबद्दल जे काही लिहिलं आहे ते ह्या बरणीला पुरत नाही. नलिनी म्हणाली, "साखर घालायला विसरल्यात." बाई त्या खेपेची एकेक बरणी गावात घरोघर देऊन आल्या होत्या, दरवर्षी देतात तशा. रविवारी उपासनेनंतर चहाला सगळे जमले आणि मी बघत होतो. टेडची बायको म्हणाली की यंदाची साल काय सुंदर कापली गेली आहे. सिरिलराव म्हणाले, "यंदाच्याला धार आहे, मिस पिंचबेक. पुळचट नाही." आणि हॅडोसाहेब, जे नेहमी बरोबर असतात, ते टोपी चुरगाळत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "असा मी पूर्वी कधीच खाल्ला नव्हता." हेही अर्थात बरोबरच होतं. पण ते म्हणताना त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि माणूस ह्या गावात मुरायला लागला असं मला वाटलं.

बिशपसाहेब आले तो रविवार इतका उकाड्याचा की मेणबत्त्या माना टाकत होत्या. मी काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून मिस पिंचबेक बूट बदलून आपल्या जागेवर बसलेल्या होत्या. यंत्र मागच्या खोलीत खोक्यात, हॅडोसाहेबांनी स्वखुशीने आणून ठेवलेलं. मुलं पांढरे कपडे घालून घामाघूम. मी पवित्र आत्म्याचं गीत जाहीर केलं, बिशपसाहेब दारातून निघाले, त्यांच्यापुढे सिरिलराव वॉर्डनची उंच काठी दोन्ही हातांनी धरून, कारण बिशप आले की वॉर्डनने काठी घेऊन पुढे चालायचं असतं आणि ती खाली ठेवायची नसते. आणि ऑर्गनने सूर धरला.

नाताळचं गीत. गोठा, गव्हाण, मेंढपाळ, आणि चहूकडे बर्फ.

पानांचा झपाटा झाला. गाव गाऊ लागलं. पण फळ्यावर आकडे होते पवित्र आत्म्याचे, आणि सिरिलरावांच्या दोन्ही हातांत काठी. चालता चालता त्यांनी फळ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि त्या डोळ्यांत असा काही हताशपणा होता की बुडणारा माणूससुद्धा त्याहून जरा आशेने बघत असेल. कोणीच हललं नाही. फळ्याच्या सगळ्यांत जवळ बसतात हॅडोसाहेब. (गावात जुन्या बाकांवर जुनी माणसं बसतात, नव्या माणसाला फळ्याखालची गार भिंत मिळते.) ते पुस्तक धरून उभे होते. त्यांनी वर बघितलं. त्यांचे ओठ गाताना थांबले. मग त्यांनी पुस्तक बाकावर ठेवलं, वाकून पेटीतून आकडे काढले, आणि बिशपसाहेब शेजारून जात असताना, कोट सारखा करून, पवित्र आत्मा उतरवला आणि नाताळ चढवलं. जागेवर परत येऊन त्यांनी गीत धरलं ते अगदी तळाच्या खर्जात, इतकं की माझ्या पायाखालची फरशी थरथरली. बिशपसाहेबांचा चेहरा पहिल्या कडव्याला जरा गोंधळला होता, पण तेही लहानपणापासून चर्चमध्ये गेलेले. दुसऱ्या कडव्याला त्यांनीही तोंड उघडलं आणि जुलैच्या उकाड्यात गव्हाणीपाशी गुडघे टेकले. मुलांच्या डोक्यावर हात ठेवताना त्यांनी मग बाळाचंच उदाहरण घेतलं, आणि माझ्यापेक्षा बरं प्रवचन केलं.

चहाच्या वेळी बिशपसाहेबांनी सिरिलरावांना विचारलं की जुलैत हे गीत म्हणायची तुमच्याकडे जुनी प्रथा आहे वाटतं. सिरिलराव म्हणाले, "फार जुनी, साहेब. लेंटपासूनची." बिशपसाहेबांनी कपातून वर बघितलं, ऑर्गनकडे बघितलं, आणि म्हणाले की अशा प्रथा जपायला हव्यात. यंत्राचं खोकं हॅडोसाहेब दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. म्हणाले, चर्चमध्ये ओल फार आहे, यंत्र बिघडेल. ओल होतीच. ते कधी खोटं बोलत नाहीत.

इथे पत्र संपवलं तर ते आनंदाचं पत्र होईल आणि तुम्ही मामींना मोठ्याने वाचून दाखवाल. पण त्या दिवशी सगळे गेल्यावर मी मेणबत्त्या विझवत होतो आणि मिस पिंचबेक बाकावर बूट बदलत होत्या. त्यांनी मला हाक मारली. बुटाची नाडी बांधतच होत्या, वर न बघता म्हणाल्या, "पाळकसाहेब, सिरिलला सांगा, त्या गुडघ्यावर एवढं उठूबस करू नकोस. आणि हॅडो आज आकडा उलटा लावून गेले. मी बघितलं." त्यांनी हात वर करून आरशाकडे बोट दाखवलं, शाळेत फळ्याकडे दाखवतात तसं. मग म्हणाल्या, "माझी बोटं हल्ली मला न विचारता कुठेतरी जातात. कुठे पोचले ते मला आरशात तुम्ही सगळे पानं उलटता तेव्हा कळतं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. लेंटमध्ये फळ्याकडे बघून मान डोलावली तेव्हाही. अख्खं गाव त्यांची लाज राखत होतं आणि त्या गावाचा तो आनंद राखत होत्या. मी काहीतरी बोलणार होतो, काय ते आठवत नाही, बहुधा हवेबद्दल. त्यांनी मला बोलू दिलं नाही. म्हणाल्या, "एखाद्या रविवारी बोटं कुठेच जाणार नाहीत. मी बसून राहीन आणि तुम्ही सगळे उभे असाल. तेव्हा तुम्ही सुरू करा. कोणीतरी सुरू केलं की मी मागून येईन. मला मागून यायला अजून येतं."

मी हो म्हणालो.

असो. मामींना डोळ्यांत औषध वेळेवर घालायला सांगावं, स्वतःही वेळेवर घालून द्यावं. उंदरांना माझा आशीर्वाद. नलिनीचा दोघांना नमस्कार.

आपला,
शांतवन

ता. क. मुरंब्याविरुद्धची तक्रार मागे घेत आहे. त्या बिनसाखरेच्या बरण्यांना नलिनीने गूळ घातला, मोहरी आणि हिंगाची फोडणी दिली, तिखट टाकलं, आणि त्याचं असं लोणचं झालं की गावजेवणाला सिरिलराव उकडलेल्या बटाट्याबरोबर बशी चाटून गेले. मिस पिंचबेक यांनी चव घेतली आणि विचारलं की हे कशाचं. नलिनी म्हणाली, तुमचंच आहे, थोडं शिजवलं आहे. तेव्हा बाई म्हणाल्या की पुढच्या खेपेलाही साखर घालणार नाही. मामींनी नलिनीसाठी मेतकुटाची कृती पाठवावी, म्हणजे गीतांच्या फळ्यावर झाली तितकीच स्वयंपाकातही आमची प्रगती होईल.

ता. क. दुसरा. आता खरं काम. मी आठ वर्षांचा असताना तुम्ही मला भजनमंडळीतून काढलंत ते तुम्हाला आठवत असेल. आधी गाणं बंद करून झांज दिलीत, मग झांज काढून घेतलीत, आणि शेवटी पेटीच्या मागे बसवून म्हणालात की शांत्या, तू भाता मार आणि तोंड मीट. न्याय्य होतं. इथे आल्यावर एकदाच मी प्रार्थनेची पहिली ओळ गाऊन म्हटली होती, त्या दिवसापासून सिरिलरावांचा कुत्रा चर्चमध्ये येत नाही. पण मामा, बाईंनी सुरू करायला मला सांगितलं. हॅडोसाहेबांना सहज जमलं असतं, त्यांना नाही सांगितलं. म्हणून एक करा. आपल्याकडे संध्याकाळच्या उपासनेला जे शेवटचं गीत म्हणतात त्याची चाल इथेही तीच आहे, शब्द फक्त यांचे. ते गाव झोपेतसुद्धा म्हणेल. त्याची पहिली ओळ एका कॅसेटवर तुमच्या आवाजात भरून पाठवा. पेटी उंदरांकडून परत मिळाली तर पेटीवर, नाहीतर नुसतीच. सावकाश गा. जिथे श्वास घ्यायचा तिथे खाकरून दाखवा. षड्ज कुठे धरायचा ते माझ्यासारख्याला समजेल असं सांगा, पांढरी की काळी ह्या भाषेत नको, छातीत की कपाळात ह्या भाषेत. मी रोज शेताच्या बांधावर जाऊन घोकीन. आजोबांची शब्दरूपं घोकली, तर एक ओळ का येणार नाही?

ता. क. तिसरा. वरचं सगळं हसण्यावारी नेऊ नका. तो रविवार येणार आहे, ह्या हिवाळ्यात नाहीतर पुढच्या. गाव पुस्तकं उघडून उभं असेल, बाई आरशात माझ्याकडे बघत असतील. आणि मला भीती वाटते, मामा, की माझ्या तोंडून सूर निघणार नाही.